दहा आकडी कुलूप

न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याकडे निघालं आणि पुढे उसाची ट्रॉली लागली की बराच वेळ तिच्या मागेच राहावं लागतं. ट्रॉलीची मागची फळी वाचून पाठ होते. वर देवाचं नाव, मधे पोरांची नावं, खाली ठळक पांढऱ्या रंगात मालकाचा मोबाइल नंबर. बारा वर्षं झाली, मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत घरोघर इंटरनेटच्या जोडण्या करतो. आधी केबलवरचं नेट होतं, आता फायबर आहे. असा नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण या माणसाच्या घरातल्या वायफायचा पासवर्डही बहुतेक हाच असणार, हे मला ठाऊक असतं. ट्रॉलीवर तो पेंटरने लिहिला आणि राउटरमध्ये माझ्यासारख्याने.

हे कसं होतं ते सांगतो. खांबावरून तार ओढून घरात आणायची, ओसरीत बसून काचेच्या तंतूची टोकं साफ करून जुळवायची, डबा भिंतीला ठोकायचा. दिवा हिरवा झाला की घरातली पोरं फोन घेऊन भोवती गोळा होतात. "पासवर्ड काय ठेवायचा?" असं विचारलं की घरधनी म्हणतात, "ठेव काहीपण, ध्यानात राहील असा." संध्याकाळपर्यंत आणखी तीन जोडण्या उरकायच्या असतात, ऑफिसातून फोनवर फोन येत असतात. मग आपणच म्हणतो, "तुमचा नंबरच टाकतो." सगळे खूश होतात, चहा येतो, आणि आपण पुढच्या गावाला निघतो. त्या घराला दार बसवून दिलेलं असतं खरं, पण किल्ली बाहेर चौकटीवर ठेवलेली असते.

माझं म्हणणं असं आहे की घराच्या वायफायचा पासवर्ड घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने टाकावा. तो टाकून होईपर्यंत जोडणी करणाऱ्याने उंबरा ओलांडू नये आणि कंपनीने जोडणी पूर्ण झाली असं धरू नये. हे मी दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाही. वर्षानुवर्षं मी स्वतः चुकीचं काम केलं आणि ते आता घर घर फिरून निस्तरतो आहे, म्हणून लिहितो आहे.

दहा आकडे म्हणजे पुष्कळ झाले असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ यांनीच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर होतात. आता फोन राउटरला जोडला जाताना काय घडतं ते बघा. दोघांमध्ये ओळख पटवण्यासाठी देवाणघेवाण होते आणि ती हवेतून होते, त्यामुळे रस्त्यावर लॅपटॉप घेऊन उभ्या राहिलेल्या माणसालाही ती टिपून घेता येते. त्यात पासवर्ड उघडा दिसत नाही. पण अमुक पासवर्ड बरोबर आहे का, हे पडताळून बघण्यापुरता मजकूर त्यात असतो. तो माणूस घरी जाऊन निवांत एकेक नंबर लावून बघतो. राउटरला याचा पत्ता लागत नाही, कारण हे सगळं त्याच्यापासून लांब, दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेलं असतं. गेम खेळण्यासाठी पोरं जे महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात, ते सेकंदाला दहा लाखांच्या आसपास नंबर तपासू शकतं. ४०० कोटींना लागतात चार हजार सेकंद. सव्वा तासही नाही. आठ आकडी जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारच होतात. त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. आणि ज्याने ट्रॉलीची फळी वाचली आहे, त्याला तर यंत्राचीही गरज नाही.

ही सवय फक्त आपल्याच भागाची नाही. २०२१ मध्ये इडो हुर्विच नावाच्या इस्रायली संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून ५,००० वायफायची अशी माहिती गोळा केली आणि त्यातले ७० टक्के पासवर्ड उलगडून दाखवले. इथले लोक आपला मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवत असणार, असा त्याचा सुरुवातीपासून कयास होता, आणि ढीगभर पासवर्ड त्या एका कयासावरच निघाले. सायबर सुरक्षेच्या कंपन्यांसाठी जगभर ओळखलं जाणारं ते शहर. तिथे ही गत असेल तर आपल्या वाड्या-वस्त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बसवणाऱ्याला घाई असते आणि वापरणाऱ्याला लक्षात ठेवायला सोपं हवं असतं, मग शहर कुठलंही असो.

"आमच्या घरात कोण शिरतंय? शिरला तर काय, दोन जीबी नेट वापरेल," असं मला कितीतरी जण म्हणतात. त्यांना मी सानपाड्याची गोष्ट सांगतो.

२००८ साली मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकत होतो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था आमच्या शिरूर तालुक्याचं भूषण आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. हाताने काम करत शिकायचं ही तिथली रीत, आणि वायरिंग, सोल्डरिंग मी तिथेच शिकलो. त्या जुलैत पेपरमध्ये एक बातमी आली आणि आम्हा पोरांमध्ये तिची बरीच चर्चा झाली. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, ५६ माणसं गेली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा पत्ता निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याचा, केनेथ हेवूड नावाच्या अमेरिकी माणसाच्या घराचा. त्या घरातलं वायफाय बाहेरच्या कोणालाही वापरता येईल असं होतं. ईमेल पाठवणाऱ्यांनी तेच हेरलं आणि घरात पाऊलही न टाकता आपलं काम साधलं. हेवूडची चौकशी झाली, त्याच्या नावाने लुकआउट नोटीस निघाली, देशभरच्या पेपरांत त्याचा फोटो आला. गुन्हेगार तो नव्हताच. त्याच लोकांचा पुढच्या महिन्यातला ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी जे आरोपी पकडले, त्यात पुण्यातला एक संगणक अभियंता होता.

यानंतर सरकारही हललं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधायचं ठरवलं, फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. तेव्हा वायफाय मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये होतं. आज ते मांडवगण फराट्याच्या गोठ्यात आणि पाटसच्या गुऱ्हाळात आहे. तेव्हाची काळजी मात्र इथवर पोचलेली नाही.

घरात दहा फोन असू देत, बाहेरच्या जगाला त्या घराचा पत्ता एकच दिसतो. राउटर घरातल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि घरात नसलेल्या पण पासवर्ड ठाऊक असलेल्या माणसाच्या वतीनेही बोलतो. उद्या काही वावगं झालं तर तपास ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याकडेच येतो. १ ऑगस्ट २०२५ ला दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. त्या प्रकरणात वायफायचा संबंध होता असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच की एका पोस्टने आपल्या गावात काय होऊ शकतं हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. उद्या तशी पोस्ट कोणी तुमच्या घराच्या पत्त्यावरून टाकली तर?

आमच्या कारेगावात असं थोडक्यात निभावलेलं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. रांजणगाव एमआयडीसीमुळे तिथे खोल्या बांधून भाड्याने देण्याचा मोठा धंदा आहे. विदर्भ, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश असं कुठून कुठून पोरं येऊन राहतात. एका नानांच्या चौदा खोल्या, सगळ्यांना मिळून एक जोडणी. पासवर्ड नानांचा मोबाइल नंबर. फाटकावर पाटी, 'खोल्या भाड्याने मिळतील', आणि खाली तोच नंबर. मीच जोडून दिलेलं. एक दिवस नानांना पोलिसांचं बोलावणं आलं. जुनी मोटारसायकल विकायची आहे असं दाखवून कोणीतरी ऑनलाइन पैसे उकळले होते आणि धागा नानांच्या जोडणीपर्यंत आला होता. नाना घाबरून माझ्याकडे आले. आम्ही दोघांनी बसून खोल्यांची वही काढली. गेल्या दोन वर्षांत एकेचाळीस पोरं राहून गेली होती. त्यातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो पासवर्ड अजून होता, आणि समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत नानांच्या वायफायची रेंज होती. पोलिसांनी नानांना नीट वागवलं, जबाब घेऊन सोडलं. पण त्या चार दिवसांत नानांनी अन्न गोड मानलं नाही. "आयुष्यात चौकीची पायरी चढलो नव्हतो रे," हे ते मला अजून भेटले की म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये वाईट हेतूने शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण शिरणारा कोण हे सापडेपर्यंत हेलपाटे नानांनाच घालावे लागतात.

तरीही माझे डोळे नानांमुळे उघडले नाहीत. ते माझ्या वहीमुळे उघडले. लाल कापडी बांधणीची लांबट हिशेबाची वही. तिच्यात मी जोडलेल्या प्रत्येक घराचं नाव, वस्ती, खाते क्रमांक आणि पासवर्ड. लोक विसरतात, फोन करतात, तेव्हा वही उघडून सांगायचं. मला त्या वहीचा अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी माझा मदतनीस पोरगा दुसरं काम मिळालं म्हणून सोडून गेला. निघताना म्हणाला, "दादा, वहीच्या सगळ्या पानांचे फोटो आहेत माझ्याकडे, कधी लागले तर सांगा." अगदी चांगल्या मनाने बोलला. पोरगा सज्जन आहे, अजूनही सणाला भेटतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचा फोन हरवला तर? विकला तर? १८६ घरांच्या किल्ल्या एका फोनमध्ये होत्या, आणि त्या १८६ घरांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं. सकाळी उठून मी नावं आणि गावं वेगळ्या कागदावर उतरवून घेतली आणि वही फाडून अंघोळीच्या बंबात घातली. त्या पोराने माझ्यासमोर फोटो पुसले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी एकेक घर गाठून पासवर्ड बदलायला लावतो. पैसे घेत नाही.

सुरुवात ज्या घरांत कॅमेरे आहेत तिथून केली. आमच्याकडे बिबट्याची दहशत काय आहे हे शिरूरकरांना वेगळं सांगायला नको. उसात बिबट्या, गोठ्यात वासरू आणि अंगणात लेकरू. म्हणून लोकांनी दोन-तीन हजारांचे वायफायवरचे कॅमेरे गोठ्याला लावले. लावायलाच हवे होते. पण ज्या कॅमेऱ्यात गोठा दिसतो त्यातच अंगण दिसतं, आणि त्याच अंगणात घरातल्या बायका न्हाऊन केस वाळवत बसतात. वायफायचा पासवर्ड ट्रॉलीवर आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. अशा वेळी कॅमेऱ्यातून बघणारा घरचाच आहे, हे कोण सांगणार?

मांडवगणजवळच्या वस्तीवर एका आजींकडे गेलो तेव्हा मुलगा कामावर होता. घरी आजी आणि सातवीतली नात. म्हटलं, "आजी, चार असे शब्द मनात धरा की ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि जे गावात कोणाला सुचणार नाहीत. मला सांगू नका." आजींनी पदराला हात पुसले, राउटरकडे बघितलं, मग बाहेर चिंचेकडे बघत बराच वेळ गप्प बसल्या. नंतर नातीला जवळ ओढून तिच्या कानात एकेक शब्द सांगितला. पोरगी इंग्रजी अक्षरांत टाइप करत गेली, तिसऱ्या शब्दाला खुदकन हसली, "हे काय गं आज्जी?" आजी म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या बैलाचं नाव. तुझ्या बापालाबी ठाऊक नाही." मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. पासवर्ड लागला, नातीचा फोन जोडला गेला. मग कागदावर लिहून आजींनी तो देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला. कागदावर लिहू नये असं पुष्कळजण सांगतात. माझं मत उलटं आहे. बाहेरच्या चोराला पोथीतला कागद दिसत नाही. त्याला दिसते ती ट्रॉली आणि फाटकावरची पाटी.

चार शब्दांनी काय होतं, याचा हिशेब मी घरी बसून मांडला. पाच हजार शब्दांच्या यादीतून कसलाही विचार न करता चार उचलले, तर ज्या कार्डाला सगळे मोबाइल नंबर तपासायला सव्वा तास पुरतो, त्याला या जोड्या तपासायला जवळजवळ वीस वर्षं लागतात. पाचवा शब्द जोडला की हिशेब लाख वर्षांच्या घरात जातो. त्यातून आपला मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत प्रत्येकजण वेगळा लिहितो, ते आणखी वेगळं. पासवर्ड किमान आठ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा चालतो, म्हणजे जागा भरपूर आहे. मात्र शब्द ओळीने येणारे नकोत: अभंगाची ओळ नको, घोषणा नको, चारही मुलांची नावं तर नकोच.

हा झाला बाहेरचा दरवाजा. राउटरला आतला एक दरवाजा असतो, आणि तो तर आम्ही जोडणीवाले बहुधा उघडाच ठेवून जातो. डबा उलटा केला की खाली चिठ्ठी असते: पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ सारखा, आणि नाव-पासवर्ड, दोन्हीकडे 'ॲडमिन'. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरची सगळी सूत्रं हाती येतात. इथला पासवर्ड वेगळा आणि तोही बदललेला हवा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार होतं ते फक्त कारखान्यातून येणाऱ्या ६२ नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात आणि इतरत्र बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले, तेही 'ॲडमिन' तसाच राहिल्यामुळे, आणि कंपनीला लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं. आतल्या दरवाज्याने शिरलेला माणूस आणखी एक वाईट गोष्ट करू शकतो. तुम्ही बँकेचं नाव टाकलं की ती बँक इंटरनेटवर कुठे आहे हे राउटर विचारून घेतो. ते विचारायचं ठिकाणच हा शिरलेला माणूस बदलतो आणि तुम्हाला खोट्या पानावर नेऊन सोडतो. ब्राझीलमध्ये अशा रीतीने ४५ लाख मोडेम बिघडवले गेल्याचं २०१२ मध्ये उघड झालं होतं.

राउटरच्या त्या आतल्या पानावरच आणखी दोन कामं उरकून घ्यावीत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हवा. डब्ल्यूईपी दिसलं तर तो डबा मोडीत काढा, त्यातलं कुलूप २००१ सालीच फुटलं आहे. आणि डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून फोन जोडायची ही सोय. तो आठ आकड्यांचा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो निघतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे.

उगाच घाबरवायचंही नाही. वायफायमध्ये शिरलेल्याला तुमचा यूपीआय पिन दिसत नाही. बँकेचं ॲप आपला मजकूर स्वतंत्र कुलूपबंद करून पाठवतं. बँकेच्या पैशाची चोरी आपल्याकडे मुख्यतः फोनवर गोड बोलून होते, आणि ती झाली तर लगेच १९३० ला फोन लावायचा, हे प्रत्येक घरात ठाऊक हवं. वायफाय उघडं राहिल्यावर जातं ते घराचं खासगीपण आणि घराचं नाव.

सगळ्यात जास्त वाद मला शेजारधर्मावरून घालावा लागतो. "शेजाऱ्याला पासवर्ड न सांगणं बरं दिसत नाही," असं दौंडच्या एका काकूंनी मला तोंडावर सुनावलं, आणि मला ते पटतं. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा काय दिसत होतं ते मी विसरलेलो नाही. पाटसच्या एका घराच्या ओट्यावर रोज सकाळी शेजारच्या दोन मुली एकाच फोनवर वर्ग भरवत होत्या, आणि त्या घरच्या माउलीने राउटर मुद्दाम खिडकीत आणून ठेवला होता. त्या माउलीला मी कुठल्या तोंडाने सांगू की नेट देऊ नका? द्यावंच. पण हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावर जोडलेल्याला इंटरनेट मिळतं, घरातले कॅमेरे आणि संगणक दिसत नाहीत. विहिरीचं पाणी शेजाऱ्याला द्यायला आपण माजघरातून वाट काढून देत नाही, तसंच हे. पाहुण्यांचा पासवर्ड दिवाळीला बदलावा; खोल्या भाड्याने देणाऱ्याने भाडेकरू बदलला की बदलावा. एवढं मात्र आहे की त्या वाटेनेही कोणी गैर काही केलं तर बाहेर पत्ता तुमच्याच घराचा दिसतो, म्हणून आपण कोणाला नेट दिलं आहे ते माहीत असावं. नाना आता खोल्यांच्या वहीत तारखेसमोर 'नेट बदललं' असं लिहितात.

आता कंपन्यांबद्दल. आम्हा जोडणीवाल्यांना जोडणीमागे पैसे मिळतात. आजींच्या घरी मला चाळीस मिनिटं लागली. कामाच्या दिवशी ती मी देऊ शकलो नसतो. ज्या कामाला कंपनी मोल देत नाही ते काम घाईत बुडतंच. तेव्हा जोडणीच्या फॉर्मवर एक ओळ हवी: ग्राहकाने दोन्ही पासवर्ड स्वतः बदलले. खाली ग्राहकाची सही, आणि त्या वेळेचे आम्हाला पैसे. आतल्या दरवाज्याचा पासवर्ड ग्राहकाने मागितला तर तो नाकारायचा नाही. असे डबे मी बसवले आहेत की ज्यांची सूत्रं ग्राहकाला मिळतच नाहीत, आणि घरधन्याला आपल्याच घरात परक्यासारखं विचारत बसावं लागतं. सात-आठ वर्षं जुने, सुधारणा यायच्या बंद झालेले डबे कंपनीने स्वतःहून बदलावेत. हे फार मागणं नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणारा सरसकट एकच पासवर्ड टाकून अशी उपकरणं विकायला कायद्याने बंदी आहे. २००९ मध्ये सूचना काढणाऱ्या आपल्या दूरसंचार विभागाला असा नियम जोडणीच्या अटींमध्ये घालणं अवघड नाही. आणि गावोगाव सप्ताह, जत्रा, ग्रामसभा होतातच. तिथे कोणी बोलायला बोलावलं तर मी येईन, राउटर घेऊन येईन.

१८६ पैकी एकतीस घरं अजून राहिली आहेत. काहींचे फोन लागत नाहीत, काहींना वेळ नाही, एकांनी तर "काय विकायला येतोस?" असं विचारलं. रविवारी पारगावला जायचं आहे, भीमेच्या पुलाजवळच्या एका आप्पांकडे. २०१९ ची जोडणी. काल फोन केला तर आप्पा म्हणाले, "अरे, माझाच नंबर आहे ना? मग तूच बदल की तिथनं, येतोस कशाला एवढ्या लांब?" मी म्हटलं, "नाही आप्पा, मी येतो. पण टाकायचा तुम्ही."